रीफ टँकमधलं शेवाळ : हिरव्याचा उपाय तपकिरीला लावू नका

काचेवर किंवा वाळूवर नको तो रंग चढला की बहुतेकांचा हात आधी बाटलीकडे जातो. दुकानदार एक बाटली देतो, जुना शौकीन दुसरी सुचवतो. आठवडाभरात निम्मं पाणी बदलून होतं, माशांचं खाणं तोडलं जातं, फॉस्फेट शोषणारे दाणे फिल्टरमध्ये भरले जातात. हिरव्या शेवाळावर हा मारा कधीकधी लागू पडतो. पण टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शौकिनांच्या बोलीतले ‘डायनो’ असतील, तर नेमक्या याच स्वच्छतेने ते फोफावतात. हिरवं शेवाळ बहुधा खाणं जास्त झाल्याचं लक्षण असतं आणि डायनो बरेचदा पाणी उपाशी पडल्याचं. दोघांना एकच औषध दिलं की एक जातं आणि दुसरं येतं. खोटं वाटत असेल तर महिनाभर बाटल्या बदलत बसलेल्या कुठल्याही रीफवाल्याला विचारा.

नागपुरात याला आणखी दोन गोष्टी जोडल्या जातात, आपलं ऊन आणि आपलं पाणी. मुंबई-चेन्नईच्या शौकिनांचे सल्ले इथे जसेच्या तसे का चालत नाहीत, ते या दोन गोष्टींमुळे. त्यांच्याकडे पुढे येतो. आधी समोर काय आहे ते ओळखू.

आधी ओळख

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, भुकटीसारखा थर येतो. बोट फिरवलं की सहज उडतो, त्याला चिकटपणा नसतो. ते डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे पाण्यातलं सिलिका संपत आलं की ते आपसूक ओसरतात. काच पुसा, बाकी काही करू नका. वर्ष झालेल्या टँकमध्ये डायटम परत आले, तर मात्र तुमच्या आरओच्या पाण्यातून सिलिका येतंय असं समजा.

किरमिजी किंवा काळपट जांभळी चादर वाळूवर पसरली आहे आणि कडेला धरून ओढली की सलग पापुद्रा निघतो, तर ते सायनोबॅक्टेरिया. लोक त्याला लाल शेवाळ म्हणतात, पण तो जिवाणू आहे, म्हणूनच एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने तो मरतो. तरी मी ते घालायला सांगणार नाही. सायनोबरोबर टँकला सांभाळणारे चांगले जिवाणूही मार खातात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुष्कळदा डायनो येऊन बसतात. सायनोला बारीक नळीने सायफन करणं, तिथे पाण्याचा झोत वाढवणं आणि नायट्रेट-फॉस्फेटचा तोल सावरणं एवढं पुरतं.

हिरव्या तंतूंमध्ये दोन मुख्य प्रकार. डर्बेसिया हे मऊ केसांसारखं वाढतं आणि ओढलं की तुटून हातात येतं. ब्रायोप्सिसच्या प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतात आणि ते दगडाला घट्ट धरून राहतं. हा फरक भिंगातून नीट पाहा, कारण गोगलगायी डर्बेसिया खातात आणि ब्रायोप्सिसला बहुधा तोंडही लावत नाहीत. गडद हिरवे, चकचकीत मणी दिसले तर ते व्हॅलोनिया. लहान असतानाच बुडासकट उपटून काढा.

आता डायनो. तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर, त्यातून वर निघालेले धागे आणि धाग्यांच्या टोकाला अडकलेले हवेचे बुडबुडे. सकाळी दिवा लागतो तेव्हा टँक बराच स्वच्छ असतो, दुपारपर्यंत थर दाट होतो आणि दिवा मालवला की पुन्हा विरळ. ही रोजची ये-जा पुष्कळ काही सांगून जाते. सोबत गोगलगायी उलट्या पडून मरत असतील तर संशय पक्का करा.

खात्रीसाठी घरगुती चाचणी सोपी आहे. तो चिकट थर ड्रॉपरने ओढून टँकच्याच थोड्या पाण्यात घाला आणि बाटली जोरात हलवून पाणी एकसारखं गढूळ करा. मग ते कॉफी फिल्टरमधून किंवा जाड टिश्यू पेपरमधून काचेच्या पेल्यात गाळा. पेला तासभर टँकच्या दिव्याखाली ठेवा. गाळलेल्या, जवळजवळ स्वच्छ पाण्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या आणि धागे जमू लागले, तर ते डायनो. त्यांना शेपटीसारख्या चाबुककेशिका असतात, सुटे झालेले जीव पोहत पुन्हा एकत्र येतात. डायटमला किंवा सायनोला हे जमत नाही.

ही चाचणी ‘डायनो आहेत’ एवढं सांगते, ‘कुठले’ ते सांगत नाही, आणि उपचार त्यावरच ठरतो. त्यासाठी चारशेपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा. शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तो चालेल. आपल्याकडे तर तेलंगखेडीला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालयच आहे, तिथे शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर काम सोपं. पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, वर झाकणकाच ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते तपकिरी जीव दिसले आणि ते निमुळत्या टोकाला दावं बांधल्यागत त्याच जागी गरगर फिरत असले, तर ऑस्ट्रिऑप्सिस. तसेच पण गोलसर असतील तर कूलिया. चपटे, अंडाकृती, एका टोकाला लहानशी चोच असलेले आणि काचेवरून घसरत इकडून तिकडे जाणारे असतील तर अ‍ॅम्फिडिनियम. हे वाळूत राहतात आणि धागे फारसे काढत नाहीत. अंडाकृती पण मधोमध फिकट ठिपका असलेले, भरपूर चिकटा सोडणारे असतील तर प्रोरोसेन्ट्रम. मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगाला लावून दहा-पंधरा सेकंदांचं चित्रण करून ठेवा. स्थिर फोटोवरून फसगत होते, चालीवरून होत नाही.

हात घालण्याआधी एक इशारा. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या कुळातलं विष बनवतं. इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर २००५च्या उन्हाळ्यात याच जीवाची समुद्रात इतकी वाढ झाली की लाटांच्या तुषारांतून ते श्वासात गेलं आणि सुमारे २०० माणसांना ताप, खोकला, धाप लागून उपचार घ्यावे लागले. टँक म्हणजे समुद्र नव्हे, पण बंद खोलीत दगड कोरडा घासणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं हे उद्योग करू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. आणि कूलरचं पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची जी सवय आपल्याला असते, ती इथे अजिबात नको.

पाणी : नागपूरकरांचा मूळ घोळ

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतप्यात पंचेचाळीसच्या आसपास पारा जाणं आपल्याला नवं नाही. प्रवाळांना मात्र पंचवीस ते सत्तावीस अंश मानवतात आणि तिसाच्या वर दिवस काढावे लागले की ते रंग टाकू लागतात. मापकावरही डोळे झाकून विश्वास नको. मे २०२४च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं. सरकारी सेन्सरचं असं होतं, तर हीटरसोबत फुकट आलेल्या थर्मामीटरचं काय? दोन वेगवेगळे मापक ठेवा.

नागपूरच्या उन्हात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ती म्हणजे कोरडेपणा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की सम्पवर, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर, साधा पंखा सोडला तरी पाणी थंड होतं. हिशेब बघा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दोनशे लिटरच्या टँकचं तापमान एक अंशाने उतरवायला ८४० किलोज्यूल पुरतात. म्हणजे एक लिटर उडालं की जवळपास तीन अंशांचं काम झालं. दमट मुंबईत हा पंखा निम्मंही काम करत नाही. आपल्याकडेही मृगाचा पाऊस पडला की त्याची किमया संपते, त्यामुळे जूनच्या मध्यापासून चिलर किंवा एसीची सोय लागते. कूलर त्याच खोलीत असेल तर हवा बाहेर जायला खिडकी उघडी हवीच, नाहीतर खोली दमट होऊन टँकचा पंखा नुसताच फिरतो.

पण जे पाणी उडतं ते शुद्ध पाणी. मीठ मागे राहतं आणि आपण वरून जे ओततो त्यातलंही सगळं मागे राहतं. शेवाळाची गोष्ट इथे सुरू होते. समजा उन्हाळ्यात रोज पाच लिटर पाणी भरावं लागतं. महिन्याचं झालं दीडशे. त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर दोनशे लिटरच्या टँकमध्ये महिन्याकाठी १५ पीपीएम नायट्रेट नुसतं टॉप-अपमधून जमा होतं, आणि माशांनी अजून एक दाणाही खाल्लेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. माणसाला चालणारं पाणी रीफला चालत नाही ते असं. वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांत भूजलातलं वाढतं नायट्रेट हा जुनाच प्रश्न आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते एकदा तपासून घ्या. पेंचचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, पण त्यात क्लोरीन असतं आणि तेही थेट टँकमध्ये जाऊ नये.

‘घरी आरओ आहे ना’ हे उत्तर मला हमखास मिळतं. स्वयंपाकघरातल्या आरओत टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, काहींत खनिजांची नळीही असते. रीफला हवं असतं शून्य टीडीएसचं पाणी. त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिन लागतं. आणि इथे एक बारकावा आहे जो टीडीएस मीटर लपवून ठेवतं. आपल्या पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेलं असतं. त्याला विद्युतभार जवळपास नसतो, त्यामुळे रेझिन थकलं की सगळ्यात आधी तेच निसटतं आणि मीटरवर आकडा शून्यच राहतो. जुन्या टँकमध्ये अचानक डायटम आले तर मीटरकडे बोट दाखवू नका, रेझिन बदला.

कूलरचीही एक वेगळी खबरदारी. डेंग्यूच्या मोहिमेत महापालिकेचे कर्मचारी कूलरच्या टाकीत अळीनाशक टाकून जातात. डासांच्या अळ्यांना मारणारं हे द्रव्य कोळंबी, खेकडे आणि शेवाळ खाणाऱ्या सगळ्या बारीक जिवांनाही मारतं. कूलरची बादली, मग आणि नळी टँकसाठी वापरू नका. कूलरमध्ये घातलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नका.

हिरवं शेवाळ

अंबाझरी तलावावर जलपर्णी का पसरते हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. सांडपाण्यातून आलेलं फॉस्फरस आणि नायट्रोजन हे तिचं खाणं. कॅनडातल्या ओंटारियोत १९७३मध्ये शास्त्रज्ञांनी एक अख्खा तलाव मधोमध पडद्याने विभागला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला त्या दोन्हींबरोबर फॉस्फरस. दुसरी बाजू हिरवीगार झाली, पहिली निवळच राहिली. खारं पाणी अगदी तसंच वागतं असं नाही, पण हिरव्या शेवाळाच्या मुळाशी जाताना मी सुरुवात फॉस्फेटपासूनच करतो.

मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम असलं की झालं. फॉस्फेट मोजायला रंगपट्टीची स्वस्त किट निरुपयोगी, कारण शून्य आणि ०.१ यांतला फरक त्यांत डोळ्यांना दिसत नाही. हॅना कंपनीचा छोटा डिजिटल चेकर घ्या. नायट्रेटसाठी सॅलिफर्टची किट चालते, फक्त तारीख बघून घ्या आणि मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात भाजून आलेली असेल तर तिच्या आकड्यांवर फार विसंबू नका.

एक पेच मात्र कायम लक्षात असू द्या. दगडांवर हिरवं रान माजलंय आणि चेकर फॉस्फेट शून्य दाखवतोय, असं होतं. फॉस्फेट नाही असा त्याचा अर्थ नाही. शेवाळच ते पाण्यात येताक्षणी खाऊन टाकतंय. तेव्हा आकडा एकटा वाचू नका, दगडाकडे बघून वाचा.

फॉस्फेट येतं कुठून? बहुतेक खाद्यातून. गोठवलेलं खाद्य डब्यासकट वितळवून त्याचं पाणीही टँकमध्ये ओतायची पद्धत आहे. त्याऐवजी ते बारीक चाळणीत आरओच्या पाण्याने धुऊन घाला. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच द्या. दुसरा स्रोत दगड स्वतः. कोरडा कॅल्शियमी दगड आधी कुणाच्या तरी टँकमध्ये फॉस्फेट पिऊन बसलेला असतो आणि तुमच्याकडे आल्यावर ते हळूहळू सोडतो. अशा टँकमध्ये आज पाणी बदललं की उद्या फॉस्फेट परत वर. शौकीन इथे चिडतात. दगड रिकामा व्हायला महिने लागतात, चिडून त्यात फरक पडत नाही.

कामाचा खरा भाग हातांचा. दगड बाहेर काढता येत असेल तर टँकच्या पाण्याच्या बादलीत धरून कडक टूथब्रशने घासा, बादलीतच खळबळून घ्या आणि ते पाणी फेकून द्या. टँकच्या आत घासलं तर प्रत्येक तुकडा पाण्यात सुटतो आणि नव्या जागी रुजतो. हे दर आठवड्याला करा. मग गोगलगायी सोडा. ट्रोकस उत्तम, कारण ती उलटी पडली तर स्वतः सरळ होते. टर्बोला ते नीट जमत नाही आणि ती लहान प्रवाळ ढकलत फिरते. लांबलचक झालेले तंतू गोगलगायी खात नाहीत, म्हणून आधी हाताने आखूड करायचं आणि मग त्यांच्यावर सोपवायचं. सम्पमध्ये जागा असेल तर चेटो लावा, तंगूसाच्या गुंतवळ्यासारखं दिसणारं ते शेवाळ. जे खाद्य दगडावरचं शेवाळ खाणार होतं ते चेटो खातं आणि मुठीने उपटून फेकता येतं. त्याच्यावर रात्री दिवा ठेवलात तर रात्री उतरणारं पीएचही थोडं सावरतं.

दिवे आठ तासांपुरतेच, पांढऱ्या आणि लाल रंगांचा जोर कमी. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त जीएफओ दाणे वापरायचे तर सांगितलेल्या मापाच्या चतुर्थांशापासून सुरुवात करा. फॉस्फेट एका रात्रीत खाली आपटलं तर प्रवाळ टोकांकडून पांढरे पडू लागतात, आणि डायनोंना आवतण जातं ते वेगळंच.

ब्रायोप्सिस मात्र या कशालाही दाद देत नाही. त्यावर शौकिनांनी माणसांचं बुरशीनाशक फ्लुकोनाझोल वापरून पाहिलं आणि ते लागू पडतं. लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम, एकदाच. स्किमरचा कप काढून ठेवायचा, कार्बन आणि यूव्ही बंद आणि दोन-तीन आठवडे वाट. शेवाळ मरून कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि नायट्रेट-फॉस्फेट उसळतं, म्हणून एअर पंप चालू ठेवा आणि आधी हाताने निघेल तेवढं काढून घ्या. हे शेवटचं हत्यार. मे महिन्यात तर नकोच. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो आणि त्यात महावितरणची वीज दुपारी गेली तर टँक हातचा जातो. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक रीफवाल्याच्या घरी हवाच.

डायनो

आपल्याकडे डायनो इतके का दिसतात याचं एक कारण कायद्यात आहे. भारतीय समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्या यादीत आपला वाघ आहे त्याच यादीत. मन्नारच्या आखातातून आलेला ‘लाइव्ह रॉक’ किंवा मालवणहून उचलून आणलेला पोवळ्याचा तुकडा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. परदेशी कठीण प्रवाळांनाही साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात. कागद दाखवत नसतील तर घेऊ नका. कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे आपले टँक कोरड्या किंवा कृत्रिम दगडावर, मऊ प्रवाळांवर आणि झोअँथिडवर उभे राहतात. कोरडा दगड निर्जीव असतो. त्याच्यावर जागेसाठी भांडणारे जिवाणू, बारीक शैवाल, कोपेपॉड काहीच नसतं. त्यात कुणी फॉस्फेट-नायट्रेट शून्यावर नेलं की बाकी सगळे उपाशी मरतात आणि डायनो उरतात. डायनो उजेडावरही जगतात आणि जिवाणू गिळूनही जगतात.

‘डायनो मारायचं औषध द्या’ असं म्हणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारी झूझँथेली ही सुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहे. दुसऱ्याला वेचून मारणारी आणि हिला सोडणारी बाटली अजून निघालेली नाही. निघालीच तर मी आधी लेबल वाचीन.

मग करायचं काय? पाणी बदलणं थांबवा. जीएफओ काढा. जिवाणू वाढवायला व्हिनेगर किंवा व्होडका घालत असाल तर बंद करा. आणि मनाला न पटणारी गोष्ट करा, पाण्याला खत घाला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर नेऊन तिथे टिकवायचं. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध सोडियम नायट्रेट आणा. एक ग्रॅममुळे दोनशे लिटरमध्ये नायट्रेट साडेतीन पीपीएमच्या थोडं वर चढतं. पोटॅशियम नायट्रेट घेतलं तर ग्रॅमला तीन पीपीएम. संत्र्याच्या बागेत फवारतात ते १३:०:४५ म्हणजे हेच, पण कृषी केंद्रातल्या पुड्यांत कधीकधी सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली असतात, तांब्यासकट. तांब्याने प्रवाळ मरतात. तेव्हा तो मोह टाळा. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट (बारा रेणू पाणी असलेलं) ४ ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, म्हणजे दोनशे लिटरच्या टँकला १० मिलिलिटरमध्ये ०.०५ पीपीएम मिळतं. पहिले काही आठवडे आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यावर येईल, कारण कोरडा दगड ते पिऊन घेतो. रोज मोजा, रोज घाला. नायट्रेट-फॉस्फेटचं दहास एक प्रमाण पाळायच्या नादात काहीजण वेड लावून घेतात. समुद्रशास्त्रज्ञ रेडफिल्डने १९३४मध्ये मांडलेलं ते गुणोत्तर महासागराचं आहे. तुमच्या टँकमध्ये दोन्ही शून्य नसणं हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचं.

यानंतर जातीप्रमाणे वाट बदलते. ऑस्ट्रिऑप्सिस आणि कूलिया अंधार झाला की दगड सोडून पाण्यात तरंगतात. तिथे त्यांना यूव्हीने पकडता येतं. दर दहा-बारा लिटरला एक वॅट या हिशेबाने यूव्ही घ्या, तिचं पाणी सम्पमधून न घेता थेट मुख्य टँकमधून खेचा आणि प्रवाह मंद ठेवा, तासाला टँकच्या पाण्याच्या एक ते तीन पट. तिच्यासोबत तीन दिवस दिवे पूर्ण बंद, टँकला काळं कापड. मऊ प्रवाळ तीन दिवस सहज काढतात. यूव्हीची उष्णता पाण्यात उतरते, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत जमलं तर उत्तम, उन्हाळ्यात पंखा आणि टॉप-अप वाढवून. मरणारे जीव विष सोडतात, त्यामुळे या काळात ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू हवा.

अ‍ॅम्फिडिनियमवर यूव्ही जवळपास वाया जाते. ते वाळू सोडतच नाहीत. काळं कापड घातलं तरी खाली सरकून वाट बघतात. इथे सिलिकाचा उलटा उपयोग करायचा, ज्या सिलिकाला आपण दारातून हाकलत होतो त्यालाच. पातळ केलेलं सोडियम सिलिकेट थेंबाथेंबाने घालून पाण्यातलं सिलिका दीड-दोन पीपीएमपर्यंत नेलं की वाळूवर डायटम माजतात आणि जागेच्या भांडणात अ‍ॅम्फिडिनियमला मागे रेटतात. टँक काही आठवडे तपकिरी दिसतो. पाहुण्यांना सांगा की मुद्दाम केलंय. प्रोरोसेन्ट्रम या दोघांच्या मधला आहे. थोडे पाण्यात येतात, बरेच वाळूत राहतात, म्हणून यूव्ही आणि सिलिका दोन्ही लागतात.

सगळ्या जातींना लागू पडतं ते एकच, पाण्यात जीव वाढवणं. ज्याचा टँक चार-पाच वर्षं जुना आणि निरोगी आहे अशा मित्राकडून वाटीभर वाळू आणि सम्पमधला गाळ आणा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डायनो नाहीत हे आधी बघून घ्या. कोपेपॉड मिळाले तर रात्री दिवे बंद करून सोडा. रोज दुपारी, थर सगळ्यात दाट असतो तेव्हा, बारीक नळीने सायफन करून पाणी दहा मायक्रॉनच्या पिशवीतून गाळा आणि तेच पाणी परत घाला. पाणी बदलायचं नाहीये, फक्त डायनो काढायचे आहेत. पिशवी रोज ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, पूर्ण वाळवून वापरा.

थर दिसेनासा झाला तरी यूव्ही आणि खत आणखी काही आठवडे चालू ठेवा. मधूनच दगडावर पातळ हिरवी झाक आली तर घाबरू नका. ती येणं ही चांगली बातमी आहे, डायनोंची जागा कुणीतरी घेतलीय. पाणी बदलायला पुन्हा सुरुवात करताना एका वेळी दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि लगेच फॉस्फेट मोजा. मेलेल्या गोगलगायींच्या जागी नव्या आणायची घाईही नको. आधी एकच सोडा. चार-पाच दिवस ती काचेवर चढून चरत राहिली आणि रात्री वाळूत निपचित पडलेली सापडली नाही, तर मग बाकीच्या आणा.